'तुझा मालक कोण?' : माथाडी कायदा आणि एका रिकाम्या रकान्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना मध्येमध्ये आलेले 'म्हणजे बघा' आणि 'अ‍ॅक्च्युअली' तेवढे काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आजचा विषय आहे असंघटित काम. हा शब्द आला की लगेच आकडे येतात, तर ते आधी उरकून घेऊ. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००७ च्या अहवालात सांगितलं की भारतातले सुमारे ९२ टक्के कामगार असे आहेत ज्यांना नोकरीची हमी नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, आजारपणाची रजा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, २०१८ चा अहवाल सांगतो की जगात असे २ अब्ज लोक आहेत. काम करणाऱ्या दर शंभरातले ६१. त्यातले बहुतेक सगळे आपल्यासारख्या विकसनशील देशांत.

आता गंमत बघा. दहातले नऊ जण ज्या प्रकारे काम करतात, त्याला आपण 'अ'नं सुरू होणारा शब्द वापरतो. असंघटित, अनौपचारिक. जणू ते अपवाद आहेत आणि उरलेला एक जण नियम आहे. असं का झालं? आणि १९६९ मध्ये मुंबईच्या बाजारांतल्या हमालांनी हे गणित उलटं करून कसं दाखवलं? या भागात एवढंच बघायचंय.

रिकामा न चालणारा रकाना

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. डेटाबेसमध्ये टेबल बनवताना काही रकान्यांवर अट घालता येते की हा रिकामा ठेवलेला चालणार नाही. तो भरला नाही तर अख्खी ओळच नाकारली जाते. माणूस आहे, काम करतोय, घाम गाळतोय, पण एक रकाना रिकामा आहे म्हणून सिस्टिमच्या लेखी तो नाहीच.

आपल्या कामगार कायद्यांमध्ये असा रकाना आहे 'मालक'. स्वातंत्र्याच्या आगेमागे जे मोठे कायदे झाले त्यांची यादी बघा. औद्योगिक विवाद कायदा १९४७. कारखाने कायदा १९४८. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, तोही १९४८. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२. कारखाने कायद्यात हिशेब होता की वीज वापरत असाल तर १० कामगार, नसाल तर २०. त्याच्या खाली असाल तर कायदा तुम्हाला ओळखत नाही. आणि सगळीकडे गृहीत एकच, की एक मालक आहे, त्याच्या हजेरीपटावर तुमचं नाव आहे, आणि भांडण झालं तर ते या दोघांमधलं आहे.

हे कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरणी होती. गिरणीला गेट असतं, भोंगा असतो, मस्टर असतं. आत कोण आणि बाहेर कोण हे दिसतं. खरं तर गिरणीच्या आतसुद्धा 'बदली' कामगार होतेच. रोज सकाळी गेटवर यायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर घरी परत. म्हणजे ज्याला आपण संघटित क्षेत्राचा आदर्श नमुना समजतो त्याच्या पोटातच असंघटित काम होतं. पण निदान तिथं मालक कोण हे माहीत होतं. गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक जग होतं, तिथं तेही माहीत नव्हतं.

मस्जिद बंदरची सकाळ

१९५०-६० च्या दशकातली मुंबई. वाशीचं मार्केट अजून व्हायचंय. शहराचं धान्य, मसाले, गूळ, साखर, कांदा-बटाटा सगळं मस्जिद बंदर आणि आसपासच्या बाजारांत उतरतं. कापड मूळजी जेठा मार्केटच्या बाजूला, लोखंड दारूखान्याकडं.

ट्रक येऊन थांबतो. शंभर किलोची पोती तेव्हा सर्रास असायची. टोळी पुढं होते. दोघं पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, तो फळीवरून गोदामात जातो, थप्पी लागते. हे लोक बहुतेक साताऱ्याकडचे, पाटण-जावळीच्या डोंगरातले, सांगलीचे, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावचे. गावकीच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीनं राहायचे, खानावळीत जेवायचे, पावसाळ्यात शेतीला गावी जायचे. माथ्यावर ओझं वाहतो म्हणून माथाडी.

आता विचारा, याचा मालक कोण? पोत्यातला माल एका व्यापाऱ्याचा. गोदाम अडत्याचं. ट्रक ट्रान्सपोर्टवाल्याचा. मजुरी, म्हणजे बाजाराच्या भाषेत हमाली किंवा वाराई, कधी माल पाठवणाऱ्याकडून, कधी घेणाऱ्याकडून. ती हातात पडते टोळीच्या मुकादमाच्या, आणि तो ती वाटतो. सकाळी एका पेढीचा ट्रक, दुपारी दुसऱ्या पेढीचा. दिवसाला पाच-सहा वेगवेगळ्या लोकांचं काम.

पोतं अंगावर पडून एखाद्याचा पाय मोडला तर? व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नाही, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणणार, मी तर तुमच्यातलाच एक. ट्रकवाला तोवर निघून गेलेला. खोटं कोणीच बोलत नाही. प्रत्येकाकडं त्या माणसाचा फक्त एक तुकडा आहे. पूर्ण माणूस कोणाचाच नाही.

इथं थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या बाजारात नियम नव्हते असं अजिबात नाही. कुठल्या टोळीनं कुठल्या पेढीचा माल उतरवायचा, नव्या माणसाला टोळीत कसं घ्यायचं, मुकादमाचा वाटा किती, गावी गेलेल्याची जागा कोणी सांभाळायची, सगळे कडक नियम होते. नियम होते, रोख पैसे होते, शिस्त होती. नव्हता तो कागदावर बांधील असलेला माणूस. 'अनौपचारिक' म्हटलं की आपल्याला गोंधळ दिसतो, पण गोंधळ फक्त एकाच ठिकाणी होता. जबाबदारी कोणाची, या ठिकाणी.

अक्रा, नैरोबी आणि अहमदाबाद

आता जरा मुंबईबाहेर जाऊ, कारण साधारण याच काळात जगात दुसरीकडंही हाच प्रश्न लोकांना पडत होता.

कीथ हार्ट नावाचा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात घानाची राजधानी अक्रा इथं राहत होता. तिथल्या निमा नावाच्या गरीब वस्तीत, देशाच्या उत्तरेकडून आलेल्या फ्राफ्रा लोकांमध्ये. तेव्हाचे अर्थतज्ज्ञ अशा वस्त्यांकडं बघून म्हणायचे की इथं प्रचंड बेकारी आहे. हार्टला दिसलं वेगळंच. रिकामं कोणी बसलेलंच नव्हतं. ज्याला पगारी नोकरी होती तोही त्यात भागत नाही म्हणून सोबत छोटा-मोठा धंदा करत होता. सरकारच्या तक्त्यात या कामांसाठी जागा नव्हती, एवढंच. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या परिषदेत त्यानं हे मांडलं आणि 'इनफॉर्मल' हा शब्द वापरला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, आयएलओचं पथक केनियाला गेलं होतं, त्यांच्या अहवालानं तो शब्द जगभर नेला. त्या अहवालाचंही म्हणणं हेच होतं की केनियाची अडचण बेकारीपेक्षा वेगळी आहे, लोक राबतात आणि तरीही गरीब राहतात. केनियात अशा कामाला आज 'जुआ काली' म्हणतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ कडक ऊन. डोक्यावर छप्पर नसलेलं काम.

त्याच १९७२ मध्ये आपल्या शेजारी अहमदाबादला काय झालं बघा. कापड बाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या आणि हातगाड्या ओढणाऱ्या बायका इला भट्ट यांच्याकडं आल्या होत्या. इलाबेन तेव्हा मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनचा महिला विभाग सांभाळत. या बायकांची आणि त्यांच्यासारख्या इतरांची युनियन करायचं ठरलं. तीच 'सेवा'. नोंदणीला गेल्यावर कामगार खात्यानं हरकत घेतली. तुमचा मालकच नाही, तर युनियन कोणाविरुद्ध करणार? युनियन कोणाविरुद्ध नसते, कामगारांच्या एकीसाठी असते, हे पटवून द्यायला बरेच खेटे घालावे लागले. शेवटी एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली.

म्हणजे मस्जिद बंदरला पाय मोडलेल्या हमालाला जो प्रश्न, तोच अहमदाबादच्या सरकारी टेबलावर. तुझा मालक कोण?

तीन शब्द

आपल्याकडं या लोकांसाठी तीन शब्द वापरात आहेत. वरवर सारखे वाटतात, पण प्रत्येकाचं निदान वेगळं आहे.

पहिला, अनौपचारिक. हा कीथ हार्टच्या शब्दाचा मराठी अवतार. याचं म्हणणं, यांच्याकडं कागद नाहीत.

दुसरा, असंघटित. हा शब्द सरकारी भाषेत रुजवण्यात पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचा मोठा वाटा. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, मूळचे साताऱ्याचेच, आणि अहवाल आला १९६९ मध्ये. त्या अहवालात असंघटित म्हणजे असे कामगार, जे काही अडचणींमुळे एकत्र येऊ शकत नाहीत. विखुरलेलं काम, अशिक्षितपणा, मालकाची ताकद वगैरे. याचं म्हणणं, यांची संघटना नाही.

तिसरा शब्द त्याच वर्षी, १९६९ मध्येच, महाराष्ट्राच्या एका कायद्यात आला. असंरक्षित. याचं म्हणणं, यांना संरक्षण द्यायला हवं होतं आणि कोणीतरी ते दिलेलं नाही.

फरक कळला ना? पहिल्या दोन शब्दांत उणीव कामगाराकडं आहे. तिसऱ्या शब्दात ती दुसऱ्या कोणाकडं तरी आहे. आणि ती कोणाकडं, हे शोधायची एक भन्नाट युक्ती त्या कायद्यात होती.

गोदीतून आलेली युक्ती

ही युक्ती आभाळातून पडलेली नव्हती. ती आली गोदीतून.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदीत रोज सकाळी गेटवर हजारो माणसं उभी राहायची, फोरमन बोटानं दाखवून काही जणांना आत घ्यायचा, बाकीचे घरी. हो, लंडनमध्ये. असंघटित काम म्हणजे फक्त गरीब देशांची भानगड, असं वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा. १८८९ च्या मोठ्या संपापासून तिथं लढा चालला आणि १९४७ मध्ये राष्ट्रीय योजना आली. गोदी कामगार कुठल्याही एका कंपनीचा नाही, तो एका मंडळाच्या नोंदवहीवर असेल. काम नसलं तरी हजेरी लावली की काही पैसे मिळतील.

भारतानं १९४८ मध्ये याच धर्तीवर गोदी कामगारांचा कायदा केला आणि १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. आता कल्पना करा, गोदीच्या भिंतीच्या आत पोतं उचलणारा नोंदणीकृत कामगार. तेच पोतं गेटबाहेर आलं, मस्जिद बंदरला पोचलं, की ते उचलणारा कोणाचाच नाही. पोतं तेच, वजन तेच, बऱ्याचदा दोघं एकाच तालुक्यातले.

माथाडींची मागणी यातूनच धारदार झाली. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील, जन्म १९३३, गाव पाटण तालुक्यातलं मंद्रुळकोळे. त्यांनी टोळ्या-टोळ्यांत विखुरलेल्या या माणसांची युनियन बांधली. मोर्चे, संप, बाजार बंद. इकडं पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत १९५० च्या दशकापासून भुसार बाजारात हेच काम करत होती. नाव 'असंघटित', पण कायदा येण्याच्या आधी संघटना आलेली होती, हे विसरू नका.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. त्याचं लांबलचक नाव महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. आपण माथाडी कायदा म्हणू. तारखांकडं बघा. हार्टचं भाषण १९७१ चं, केनियाचा अहवाल १९७२ चा. जगाला या कामासाठी शब्द सापडायच्या आत मुंबईत त्यावरचा उपाय छापून झाला होता.

जबाबदारी पोत्याला चिकटवली

उपाय काय होता? मालक शोधायचा नादच सोडून दिला.

कायद्यानं सांगितलं की अमुक अमुक बाजारांत, म्हणजे किराणा, कापड, लोखंड, भाजीपाला, रेल्वेचे मालधक्के वगैरे, माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाची एका मंडळाकडं नोंद होईल. त्या माणसांकडून काम करून घेणारा प्रत्येक व्यापारीही त्याच मंडळाकडं नोंदवला जाईल. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येनं, शिवाय सरकारचे. आणि मजुरी मुकादमाच्या हातात न देता व्यापाऱ्यानं मंडळात भरायची, वर लेव्ही.

लेव्ही कशी चालते ते उदाहरणानं सांगतो. दर मंडळागणिक वेगळे असतात, त्यामुळं हे आकडे फक्त समजण्यापुरते धरा. एका ट्रकची हमाली १,००० रुपये झाली आणि लेव्ही ३५ टक्के असली, तर व्यापारी मंडळात १,३५० रुपये भरणार. १,००० रुपये टोळीतल्या माणसांच्या खात्यांवर मजुरी म्हणून जातात. ३५० मधून त्यांचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्यांचे पैसे, दवाखान्याचा खर्च आणि थोडा मंडळाचा कारभार. दुपारी दुसऱ्या पेढीचा ट्रक आला की त्या पेढीनं तिच्या कामापुरतं भरायचं.

म्हणजे एक माणूस दिवसात सहा जणांकडं राबला तरी सहा जणांचे थेंब एकाच खात्यात पडतात. 'मालक' हा रकाना एका नावानं भरायची गरजच उरली नाही. पोतं हललं की हिशेब लागतो. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर कामगाराच्या ओळीतून मालक काढून तो व्यवहाराच्या ओळीत टाकला. ऐकायला साधं वाटतं. पण या एका बदलामुळं, ज्याला कालपर्यंत महिनाअखेरीस काय मिळेल ते ठाऊक नव्हतं, त्याच्या हातात प्रॉव्हिडंट फंडाची पावती आली.

पुढं १९८० आणि १९९० च्या दशकांत बाजार वाशीला गेला, तशी माथाडींची घरं कोपरखैरणे, घणसोली भागात उभी राहिली. त्यांची पतपेढी झाली, मुलं शिकली. नवी मुंबईत माझ्या वयाची कितीतरी मुलं आज ऑफिसात लॅपटॉपवर काम करतात आणि त्यांचे वडील किंवा आजोबा टोळीत होते. ती घरं नुसती कष्टावर उभी राहिली नाहीत. कष्ट तर १९५५ मध्येही तेवढेच होते. त्यांच्या पायात लेव्हीचे पैसे आहेत.

दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, एवढं चांगलं होतं तर तक्रारी का आहेत? आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात.

नोंदवही म्हणजे दार. दार असलं की आत घेणारा आणि बाहेर ठेवणाराही असतो. टोळीत जागा मिळणं ही काही ठिकाणी वारसाहक्कासारखी गोष्ट झाली. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षं करत आलेत, आणि खरे माथाडी नेतेही अशा बोगस लोकांना बाहेर काढा म्हणतात. केरळनं १९७८ मध्ये आपला हमाल कायदा केला. तिथं यातून 'नोक्कुकूली' नावाचा प्रकार निघाला. मल्याळममध्ये त्याचा शब्दशः अर्थ बघण्याची मजुरी. माल दुसऱ्यानं किंवा यंत्रानं उतरवायचा आणि उभं राहून बघणाऱ्यानं पैसे घ्यायचे. २०१८ मध्ये केरळ सरकारनं त्यावर बंदी आणली.

आणि बायका? कायद्याच्या शब्दांत अंगमेहनतीचं काम करणारं कोणीही बसतं. पण बाजारात धान्य निवडणारी-पाखडणारी बाई आणि पोतं उचलणारा पुरुष यांच्यात 'माथाडी' म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो पुरुषच. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं, आणि त्यात माथाडी कायद्यासारखी, कामाच्या पैशांबरोबर आपोआप जमा होणारी लेव्ही नाही.

या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांवरून 'कायदाच नको' असं म्हणणाऱ्यांना एक विचारावं. प्रॉव्हिडंट फंडातही घोटाळे झाले. म्हणून आपण आपला पीएफ बंद करा म्हणतो का?

तीन पाय

माथाडी कायद्याची नक्कल पुढं बऱ्याच ठिकाणी झाली. महाराष्ट्रानंच १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी तशी मंडळं केली. पण इतर ठिकाणी नक्कल करताना बहुतेकांनी एखादा भाग गाळला. काय होतं मग? दोन उदाहरणं देतो.

पहिलं बांधकाम मजुरांचं. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर लावला. कल्पना तीच, मालक शोधू नका, इमारतीवर पैसे लावा. पैसे जमले, भरपूर जमले. पण ते कामाच्या मोबदल्याशी जोडलेले नव्हते. आज या साइटवर, उद्या त्या साइटवर असणाऱ्या मजुराची नोंद कोण करणार आणि टिकवणार? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पडून राहिलेल्या या पैशांवरून राज्यांना खडसावलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अर्थमंत्र्यांनी सांगितलं की बांधकाम मजुरांच्या निधीत सुमारे ३१,००० कोटी रुपये आहेत. आणि त्याच आठवड्यात मजूर बायकापोरांसह हायवेनं चालत गावी निघाले होते. पैसे होते, माणसं होती, मध्ये वही नव्हती.

दुसरं उदाहरण त्याच्या उलट. त्या चालणाऱ्या लोकांनंतर २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. आज त्यावर ३० कोटींहून जास्त नावं आहेत. एवढं मोठं रजिस्टर बांधणं तांत्रिकदृष्ट्या खरंच मोठं काम आहे, माझ्या धंद्यातल्या माणसाला त्याचं कौतुक वाटतंच. पण त्या नावासमोर दर दिवसाच्या कामामागं कोणी पैसे टाकत नाही. इथं वही आहे, तिच्यात रोज पडणारे थेंब नाहीत.

माथाडींकडं दोन्ही होतं आणि तिसरंही होतं. व्यापाऱ्यानं लेव्ही चुकवली तर दुसऱ्या दिवशी बाजारात काम थांबवू शकणारी संघटना. नोंद, पैसा आणि संघटना, असं हे तिपायी स्टूल. एक पाय कापून बाकीच्या दोनांवर बसून बघा.

आता अ‍ॅपकडं

मग हे आज का सांगतोय? कारण तुमच्या दारात पार्सल घेऊन आलेल्या मुलाला विचारा, तुझा मालक कोण? हॉटेल म्हणेल आमचा नाही. अ‍ॅप म्हणेल तो आमचा 'पार्टनर' आहे, नोकर नाही. ग्राहक म्हणून आपण तर काहीच म्हणणार नाही. शंभर मीटर पुढं त्याची बाइक घसरली तर मस्जिद बंदरचा तोच सीन परत. फक्त मुकादमाच्या जागी अल्गोरिदम आहे.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील.

राजस्थाननं जुलै २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. मंडळ, प्रत्येक कामगाराची नोंद आणि अ‍ॅपवरच्या प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. ओळखीचं वाटलं ना? पोत्याच्या जागी ऑर्डर घातलीय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथलं सरकार बदललं आणि अंमलबजावणी रेंगाळली. कर्नाटकनं २०२५ मध्ये असाच कायदा केला. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र, जी २०२० ची असून नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, अ‍ॅप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे आहेत. ती रक्कम एका मोठ्या निधीत जाते. आधी सांगितलेली बांधकामाची गोष्ट आठवा आणि हा फरक बारीक आहे की मोठा, ते तुम्हीच ठरवा.

एक इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. १९६९ मध्ये ट्रकागणिक हिशेब ठेवायला कारकून, वह्या आणि कार्बन पेपर लागायचे. आज कुठला मुलगा किती वाजता कुठं होता, किती ऑर्डर केल्या, किती मिनिटं थांबला, हे सगळं अ‍ॅपच्या सर्व्हरवर सेकंदाच्या हिशेबानं आधीच लिहिलेलं असतं. व्यवहारागणिक लेव्ही कापून त्याच्या खात्यात टाकणं हे कोडच्या दृष्टीनं फार किरकोळ काम आहे. डिलिव्हरी उशिरा झाली म्हणून पैसे कापायचं लॉजिक लिहिता येतं, तर हेही लिहिता येतं. तांत्रिक अडचण सांगणाऱ्यावर, निदान आपल्या फील्डमधल्या लोकांनी तरी, विश्वास ठेवू नये.

अडचण असलीच तर तिसऱ्या पायाची आहे. टोळी एका खोलीत झोपायची, एका खानावळीत जेवायची, एका बाजारात बसायची. त्यातून युनियन उभी राहिली. अ‍ॅपवरची मुलं चौकात गाड्या लावून मोबाईलकडं बघत उभी असतात आणि एकमेकांचे स्पर्धक असतात. त्यांची टोळी कशी बांधायची, याचं उत्तर १९६९ च्या कायद्यात नाही. ते त्यांनाच शोधावं लागेल, आणि काही शहरांत ती मुलं ते शोधतायतही.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी 'असंघटित' म्हणालं की मनातल्या मनात तिथं 'असंरक्षित' घालून वाक्य परत वाचून बघा. आणि तुमच्या घरात कोणी माथाडी असेल, टोळीत काम केलेलं असेल, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. मंडळ येण्याआधीचा बाजार पाहिलेली माणसं आता खूप वयस्कर झालीत. त्यांच्याशी बोलून घ्या, रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात.